वहीतला व

सासूबाईंच्या तेराव्याला आमच्या वाडीतली एक म्हातारी भर पंगतीत म्हणाली, "सून असावी तर अशी. तीन वर्षं सासूला भरवलान हिनं." मी आमटी वाढत होते. मान वर केली नाही, पण आतून सुखावले, खोटं कशाला बोलू. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापासून त्या गेल्या त्या दिवसापर्यंत त्यांनी एकही घास स्वतःच्या हातानं खाल्ला नव्हता. सगळे मी भरवले होते. नवरा मुंबईला नोकरीत, मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात आम्ही दोघीच. गावात माझं नाव झालं ते त्या तीन वर्षांवर.

त्या गेल्यावर घर खायला उठलं. हात रिकामे राहिले की मला चैन पडत नाही. कुणी सावकाश काम करताना दिसलं की माझे हात शिवशिवतात. भाजी चिरणाऱ्या बाईच्या पुढ्यातली विळी मी किती वेळा ओढून घेतली असेल याचा हिशोब नाही. "उठा, मी करते" हे माझं पालुपद. स्वभाव तापट, पण कामाला वाघ, असं नवराच म्हणतो, आणि त्यातलं पहिलं जरा मोठ्यानं म्हणतो.

तेव्हा मुलीनं फोनवर एक जाहिरात पाठवली. रत्नागिरीत वृद्ध आणि आजारी माणसांना सांभाळायचं शिकवणारा सहा महिन्यांचा वर्ग निघाला होता. "आई, नाहीतरी तू हेच करत आलीस, निदान हातात कागद तरी येईल," ती म्हणाली. मी म्हटलं, मला कोण शिकवणार? मीच शिकवीन त्यांना. तरी गेले. पालीच्या पुढं आमचं गाव, सकाळची एसटी धरायची आणि माळनाक्याला उतरायचं.

वर्गात आम्ही चौदा बायका. शिकवायला दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर होत्या. बारीक, ताठ, सुती साडी, आणि आवाज कधीही चढवायच्या नाहीत. मला पहिल्यांदा राग आला तो त्याचाच. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. माणूस पलंगावर असताना खालची चादर कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कधी बदलायची, कमरेला पट्टा बांधून आधार कसा द्यायचा, हे सगळं त्या शांतपणे दाखवायच्या आणि मी सगळ्यांच्या आधी करून मोकळी व्हायचे. शाबासकी मात्र मिळायची नाही. "फार भरभर," एवढंच म्हणायच्या.

चौथ्या महिन्यात प्रत्येकीला तीन आठवडे एकेका घरी पाठवलं. मला घर मिळालं मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढं पडवी. पडवीत बसलं की खाली बंदरातल्या बोटींचे झेंडे दिसायचे आणि लिलावाची ओरड ऐकू यायची. त्या घरात सत्तरी ओलांडलेली एक मावशी एकटीच राहायची. चाळीस वर्षं तिनं डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले होते. पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी बसवली, हाड सांधलं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण मावशी चालेना. भीतीच बसली होती. बसवलं की बसायची, निजवलं की निजायची.

मी गेले त्याच दिवशी तिच्या मुलाचा कल्याणहून फोन आला. आईच्या दुखण्यात त्याच्या सगळ्या रजा संपल्या होत्या. शेजारीण डबा देत होती, पण ते किती दिवस चालणार? तो म्हणाला, "ताई, तिसऱ्या रविवारी मी येतोय. आई आपली आपण उठून स्वतःपुरता चहा करू शकली, तर राहू दे तिला तिथं. नाहीतर मी घेऊन जाणार. ती एकटी पडून राहिली असेल असं रोज डोळ्यासमोर येतं माझ्या." आवाजावरून माणूस वाईट वाटला नाही. जीव टांगणीला लागलेला माणूस बोलतो तसा बोलत होता.

फोन स्पीकरवर होता, मावशीनं सगळं ऐकलं होतं. "बाराव्या माळ्यावर राहतो तो," ती मला म्हणाली. "दोघं नवराबायको सकाळी जातात ती रात्री येतात. मी दिवसभर काय करू गो तिथं? भांडू कोणाशी?" मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "मला नाय जायचं," असं म्हणाली. त्या क्षणी मी मनात ठरवलं की या बाईला मी इथून हलू देणार नाही. कोणाच्याही बापाला हलवू देणार नाही.

मी पदर खोचला आणि कामाला लागले. सकाळी नऊच्या ठोक्याला मावशी न्हाऊनधुऊन, वेणी घालून, पडवीतल्या खुर्चीत. दुपारी गुरगुट्या भात कालवून भरवायचे, काटे काढून मासा भरवायचे. कमरेचा पट्टा धरून दोन वेळा अंगणापर्यंत चालवायचे. शेजारीण बघून म्हणाली, "नशीब काढलंस मावशे, लेकीनं केलं नसतं एवढं." मावशी काही बोलली नाही. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं.

रोज संध्याकाळी वहीत नोंद करायची, असा नियम होता. पहिल्या शनिवारी ती वही मी सिस्टरांपुढं ठेवली. सहा दिवस भरगच्च लिहिलेले. "मावशींना आठ वाजता उठवलं. खुर्चीत बसवलं. अंघोळ घातली. चालवलं. भरवलं. दुपारी निजवलं. पुन्हा उठवलं." सिस्टरांनी लाल पेन काढलं आणि एकेका शब्दाखाली रेघ मारत गेल्या. माझी मराठी चौथीपासून चांगली आहे, शुद्धलेखनाच्या चुका माझ्या होत नाहीत. मी म्हटलं, "काय चुकलं?"

"वाचा," त्या म्हणाल्या. "उठवलं, बसवलं, चालवलं, भरवलं, निजवलं. सगळ्यात एक अक्षर जादा आहे. व. त्या अक्षरात तुम्ही आहात. सहा दिवसांत मावशींनी स्वतः काय केलं, ते मला या वहीत सापडत नाहीये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अंघोळ घातली, त्यात कुठंय व?"

"त्यात घातली आहे. ते आणखी वाईट."

मागच्या बाकावरच्या दोघी हसल्या. मी वही उचलली आणि एसटीत बसेपर्यंत कोणाशी बोलले नाही. बाई खुर्चीत बसून लाल रेघा मारते, हिला काय जातं? पंधरा दिवसांवर मुलगा आला होता आणि ही अक्षरं मोजत होती.

सोमवारी सकाळी वर्ग होता. त्या दिवशी सिस्टरांनी आम्हाला जोड्या करायला सांगितल्या. एकीनं पलंगावर पडायचं, दुसरीनं तिला दहीभात भरवायचा. पडलेलीनं हात वापरायचा नाही. मी पडले. मला भरवणारी बाई माझ्यासारखीच होती, कामसू. पहिला घास गिळायच्या आत दुसरा चमचा ओठाला. मला मिरचीचा तुकडा लागला, पाणी हवं होतं, पण तोंड भरलेलं. दही हनुवटीवर ओघळलं, ते तिनं चमच्यानं खरवडून पुन्हा माझ्या तोंडात घातलं. मी हात उचलला, चमचा धरायला. तिनं तो सहज खाली दाबला आणि गोड आवाजात म्हणाली, "राहू दे, सांडेल."

मी उठून बसले. खूप रागावून काहीतरी बोलायचं होतं, पण ते वाक्य माझं होतं. अगदी तसंच, त्याच आवाजात.

सासूबाईंची डावी बाजू गेली होती. उजवी नव्हती. उजवा हात धड होता. पहिले काही महिने मी ताट घेऊन बसले की तो हात गोधडीतून बाहेर यायचा आणि ताटाकडे सरकायचा. "राहू दे, सांडेल," असं म्हणून मी तो उचलून गोधडीखाली ठेवायचे. प्रेमानं ठेवायचे, हेही खरं आहे. मला धुणं असायचं, गुरं असायची, त्यांच्या हातानं जेवायला त्यांना तास लागला असता आणि माझ्या हातानं दहा मिनिटं लागायची. पुढं तो हात यायचा थांबला. मला वाटलं, बरं झालं, समजलं त्यांना. शेवटी शेवटी त्या हातानं नाकावरची माशी हाकलता येत नव्हती. मी म्हणायचे, दुखणं वाढलं.

वर्ग सुटल्यावर मी सिस्टरांना एवढंच विचारलं, "व काढायचा म्हणजे करायचं काय?"

"काही नाही करायचं," त्या म्हणाल्या. "जवळ बसायचं. लक्ष डोळ्यात तेल घालून, आणि हात मांडीखाली. पडायला लागल्या तरच काढायचे. तुम्हाला सगळ्यात अवघड जाईल ते हेच."

अवघड हा शब्द कमी आहे. दुसऱ्या दिवशी मावशीला म्हटलं, आज तुम्ही उठायचं. पाय मागे घ्या, पुढं वाका, खुर्चीच्या हातांवर जोर द्या. ती अर्धी उठली आणि धपकन बसली. माझे हात आपोआप पुढं गेले. ते ओढून मी मांडीखाली घेतले. "काय बघतंस?" मावशी खेकसली. "कामाला आलंस की सिनेमा बघायला?" मी म्हटलं, "सिनेमाच. तुम्ही उठा, मग मध्यंतर करू." तिनं मला जी शिवी दिली ती मासळीबाजारातली होती, इथं लिहिण्यासारखी नाही. पण रागाच्या भरात ती पुन्हा पुढं वाकली आणि चौथ्या वेळेला उठली. उठली आणि आपण उभ्या आहोत हे कळल्यावर पुढ्यात ठेवलेला वॉकर घट्ट धरून उभीच राहिली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. मला रडू आलं, ते मी खोकल्यावर घातलं.

शेजारणीचा सूर बदलला. "ही बघ नुसती बसलेली असते," असं ती कुंपणावरून कोणाला तरी सांगताना मी ऐकलं. म्हातारी बाई धडपडत साडी नेसते आणि धडधाकट बाई बाजूला बसून बघते, हे आपल्याकडे कोणाला बरं दिसेल? मलाही बरं दिसत नव्हतं. बसल्या बसल्या मला घाम यायचा. साडी नेसायला तिला पाऊण तास लागायचा, निऱ्या तीनदा सुटायच्या. पूर्वी पाच मिनिटांत व्हायचं ते काम. पण त्या पाऊण तासात ती बोलायला लागली. कुठल्या बोटीवर काय लागलं, कोणी कोणाचा माल पळवला, सगळं. पहिल्या आठवड्यात ती इतकी गप्प का होती, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या शनिवारी वहीत लिहिलं होतं, "मावशी उठल्या. मावशी बारा पावलं चालल्या. मावशी जेवल्या." सिस्टरांनी वाचलं. मला खोडी काढायची हुक्की आली. म्हटलं, "जेवल्यामध्ये व आहे की."

"आहे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "तो त्यांचा स्वतःचा आहे."

राहिला चहा. मावशी आता ओट्यापाशी उभी राहून चहा करू शकत होती, पण दोन्ही हात वॉकरला. कप आणायचा कसा? तीन दिवस मी डोकं खाजवलं. काय काय सुचवायला तोंडापर्यंत आलं, तेही गिळलं. चौथ्या दिवशी मावशीनं खुंटीवरची बाजाराची जुनी पिशवी काढली, वॉकरच्या दांडीला बांधली आणि चहा फिरकीच्या डब्यात ओतून डबा पिशवीत ठेवला. पिशवीला सुकटीचा वास होता. "चाळीस वर्षं पाटीतून माल नेला मी," ती म्हणाली. "एक डबा चहा नाय नेता येणार?"

रविवार उजाडला. खरं तर मला सुट्टी होती, पण पहिल्या एसटीनं गेले. मुलगा दहाच्या सुमारास आला. चाळिशीचा, थकलेला, हातात रिकामी मोठी बॅग. आईच्या पाया पडला, खुर्ची ओढून बसला आणि हळूच म्हणाला, "आई, संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढलीत मी. नंतर मिळत नाहीत गं."

मावशीनं पाय मागे घेतले, पुढं वाकली, हातांवर जोर दिला. अर्ध्यावर आली आणि धपकन खाली बसली.

मुलगा ताडकन उठला. "बघा, म्हणूनच..." असं म्हणत तिच्या काखेत हात घालायला वाकला. मी मांडीखाली हात दाबून बसले होते. हात सोडले नाहीत, पण तोंड सुटलं. "बसा," मी म्हटलं. परक्या पुरुषाला, त्याच्याच घरात, त्याच्याच आईसमोर. "हात लावलात तर ती कल्याणला जाईल, आणि आयुष्यभर तुम्ही तिला उचलत बसाल. बसा तिथं."

तो बसला नाही. तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत उभा राहिला. तेव्हा खुर्चीतून मावशीचा आवाज आला, लिलावातला, बंदरापर्यंत जाणारा. "बस रे मेल्या. तिकडं बस आणि गप बस." तो बसला. ती पुन्हा वाकली आणि उठली.

स्वयंपाकघर आम्हा दोघांना दिसत नव्हतं. वॉकरची टकटक आत गेली. लायटरचे खटके ऐकू आले, एक, दोन, पाच. गॅस पेटेना. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्या हातांकडे बघत होते. त्यानं ते कधी मांडीखाली घेतले होते, त्याचं त्यालाही कळलं नसावं. मग भांड्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. आपण चुकलो असू तर, असं तेव्हा माझ्या मनात आलं. पडली आत तर मी जगाला काय तोंड दाखवू? तरी बसून राहिले.

टकटक परत आली. मावशीनं खुर्ची मागे आहे की नाही ते पायानं चाचपलं, बसली, पिशवीतून डबा काढला, फिरकी उघडली आणि झाकणात ओतून चहा मुलापुढं धरला. त्यानं घोट घेतला. साखर विसरली होती, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं सगळा चहा प्यायला. मग खिशातून मोबाईल काढला, डोळे पुसत पुसत त्यात काहीतरी बघत म्हणाला, "तिकीट रद्द करतो."

"एकच कर," मावशी म्हणाली. "तुझं ठेव."

त्या संध्याकाळी एसटीत मी वही मांडीवर घेतली. "मावशी उठल्या. मावशींनी चहा केला. मावशींनी मुलाला गप्प बसवलं." सोमवारी सिस्टरांचं लाल पेन शेवटच्या शब्दावर येऊन थांबलं. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "हा व राहू दे," म्हणाल्या, आणि खाली सही केली.

वर्ग संपला, कागद मिळाला, गावात पेढे वाटले. ती म्हातारी पुन्हा भेटली आणि पुन्हा तेच म्हणाली, तीन वर्षं भरवलान हिनं. या वेळी मला तिच्याकडे बघवेना. घरी येऊन वही काढली. शेवटचं एक पान कोरं राहिलं होतं. "सासूबाई जेवल्या," असं लिहावंसं फार वाटलं, पण ती नोंद खोटी झाली असती. मी लिहिलं, "सासूबाईंना तीन वर्षं भरवलं." घरात लाल पेन नव्हतं. निळ्यानंच त्या ‘व’च्या खाली रेघ मारली.